मराठा शिपायाचे पाल आणि त्याचे कापड

पाल हा मराठी फौजेतला सर्वांत साधा निवारा. दोन उभ्या काठ्या, त्यांवर एक आडवी काठी आणि तिच्यावरून दोन्ही अंगांना सोडलेला कापडाचा एक लांब पट. खालच्या कडांच्या दोऱ्या ताणून मेखांना बांधल्या की उतरते छप्पर उभे राहते. त्याला वेगळ्या भिंती नसतात, आत माणूस ताठ उभा राहू शकत नाही. राहुटी याच्या वरची, तिचे छप्पर चारही बाजूंनी उतरते. डेरे, शामियाने, कनाती हा सगळा सरदारांचा आणि दरबाराचा थाट. इतिहासग्रंथांत आणि चित्रांत तोच जास्त दिसतो. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात सतराव्या शतकातला मखमली ‘लाल डेरा’ जपून ठेवलेला आहे आणि टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू वेल्समधल्या पोविस वाड्यात आहे. शिपायाचे पाल मात्र जपण्याजोगी वस्तू कोणाला वाटली नाही. ते विरले की त्याची गोणी होई, ठिगळ होई, गोधडीत आतला थर म्हणून जाई.

त्यामुळे आज एखाद्या चित्रपटासाठी, संग्रहालयासाठी किंवा गडावरच्या सोहळ्यासाठी अठराव्या शतकातले पाल शिवायचे ठरले, तर नमुना समोर ठेवून कापड निवडता येत नाही. बहुतेक वेळा गिरणीचे पांढरेशुभ्र किंवा खाकी कॅनव्हास आणले जाते आणि ते साफ चुकीचे असते. योग्य कापड कोणते हे फौजेच्या चालीवरून काढावे लागते: ती कोणत्या महिन्यांत बाहेर पडे, तिचे ओझे कोण वाही आणि वाटेतल्या पेठांत कोणत्या मागावरचे कापड मिळे.

पहिला पुरावा शिवकालातला आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत लष्कराचा वार्षिक क्रम दिला आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीला येई. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असत. दसरा झाला की लष्कर कूच करी आणि आठ महिने परमुलखात राही. या क्रमातच कापडाचे अर्धे उत्तर आहे. पाल पावसासाठी नव्हते, पावसाळ्यात शिपाई गवती छपराखाली असे. पालाला कार्तिकातले दव, पौषातला वारा आणि चैत्रातले ऊन अडवायचे होते, फार तर एखादी वळवाची सर. त्यासाठी तेलपाणी केलेले जलरोधक कापड नको, साधे जाड सुती कापड पुरे. किंबहुना तेच बरे, कारण दख्खनच्या उन्हाळ्यात ज्या कापडातून वारा खेळत नाही त्याखाली दुपार काढणे कठीण.

मोगलांचा तंबूंचा व्यवहार याच्या अगदी उलट होता. १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाबरोबर काश्मीरकडे निघालेल्या फ्रांस्वा बर्निये या वैद्याने बादशाही डेऱ्यांचे वर्णन केले आहे. बाहेरून जाड लाल कापड, आतून मच्छलीपट्टणचे हाताने रंगवलेले छीट. प्रत्येक सामानाचे दोन संच असत. एक वापरात असताना दुसरा पुढच्या मुक्कामी उभा होत असे. ही बारदाने हलवायला साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे तो सांगतो. पुढे १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी याने गलगल्याला औरंगजेबाची दख्खनमधली छावणी पाहिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिचा घेर तीस मैलांचा होता आणि माणसे पाच लाख. आकडे ऐकीव असतील, पण एवढे कापड घेऊन फिरणारी फौज चपळ असू शकत नव्हती हे कळायला आकड्यांची गरज नाही. संताजी घोरपड्याने तुळापुरी बादशहाच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून आणले ही कथा बखरींनी आवडीने सांगितली. डेरा हे सत्तेचे चिन्ह होते, म्हणून त्याचा कळस ही लूट झाली.

शिवाजीमहाराजांनीही प्रसंगी तोच डाव वापरला. नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाच्या भेटीसाठी उभारलेला शामियाना डोळे दिपवणारा होता आणि तसा तो असावा हाच हेतू होता. अठरा कारखान्यांत फरासखाना हा तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारा स्वतंत्र कारखाना होता. पेशवाईत पुण्याच्या बुधवार पेठेत तो वाढला आणि त्याचे नाव आज तेथल्या पोलीस चौकीला आहे. परंतु फरासखान्याचे सामान धन्याचे आणि दरबाराचे. शिपायाच्या डोक्यावर काय असावे ही सरकारची जबाबदारी नव्हती. स्वतःचे घोडे आणि हत्यार आणणारा शिलेदार निवाराही स्वतःचाच आणी. बारगिराला घोडे सरकारातून मिळे, पाल मिळेलच असे नाही.

पहिल्या बाजीरावाची १७२८ ची पालखेडची मोहीम किंवा पुढे पेंढाऱ्यांच्या धाडी यांत तर तंबूंचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पेंढारी तंबू किंवा जड सामान नेत नाहीत, घोड्यावर थोड्या भाकरी आणि थोडा दाणा एवढेच बांधतात, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी वारंवार नोंदवले. अशा स्वारांचा निवारा म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची, धनगरांनी कातलेली, सनगरांनी विणलेली आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली घोंगडी भाल्यावर किंवा दोन काठ्यांवर टाकली की एका माणसापुरते पाल होते. ती सुती कापडापेक्षा पाणी जास्त वेळ थोपवते, थंडीत अंगावर घेता येते, दिवसा घोड्याच्या पाठीवर जाते. मराठा शिपायाच्या निवाऱ्याची सर्वांत प्रामाणिक प्रतिकृती करायची तर कदाचित काही शिवूच नये, सोलापूर-साताऱ्याकडची एक हातमागाची घोंगडी घ्यावी. पण सगळी फौज घोंगडीखाली नव्हती.

१७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर सदाशिवराव भाऊ उत्तरेकडे निघाला तेव्हा मराठी छावणीने मोगली थाट बराचसा उचलला होता. ग्रँट डफने रेशमी आणि बनाती अस्तराच्या उंच डेऱ्यांचे आणि दुरून चमकणाऱ्या त्यांच्या सोनेरी कळसांचे वर्णन केले आहे. त्याच डेऱ्यांच्या मागे-पुढे हजारो साधी पाले होती: शिलेदारांची, पायदळाची, बाजारबुणग्यांची, वाण्या-उदम्यांची. पानिपतावर नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत ही छावणी खंदकाआड अडकली. दख्खनच्या हिवाळ्यासाठी घेतलेले सुती कापड उत्तरेच्या कडाक्यात किती अपुरे पडले असेल याची कल्पना करायला बखरीची गरज नाही.

छावणीच्या रोजच्या रूपासाठी टॉमस ब्रॉटनची पत्रे अधिक उपयोगी आहेत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतल्या इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षकदलाचा तो अधिकारी. १८०९ साली त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी, त्यावरून ड्योढीची, म्हणजे खुद्द शिंद्यांच्या डेऱ्यांची, बाजाराची आणि प्रत्येक पथकाची जागा ठरे. मुक्काम कितीही वेळा हलला तरी मांडणी तीच राही, म्हणून रात्रीच्या अंधारात पोहोचलेल्या माणसालाही आपले ठिकाण सापडे. ही छावणी केवळ सैन्याची नव्हती, ते चालते शहर होते. १८१० मध्ये दौलतरावाने ग्वाल्हेरखाली तळ दिला आणि तो पुन्हा हललाच नाही. पालांच्या जागी घरे आली आणि ‘लष्कर’ हे गाव झाले.

या पालांचे कापड मोहिमेच्या आधी सरकारी ठेक्याने एकसारखे विणून घेतलेले नव्हते. ते बाजारातले होते. दख्खन, खानदेश आणि वऱ्हाडात जाड सुताचे कापड खेडोपाडी निघे. गजी, खादी, दोसूती, पासोडी अशी त्याची नावे. बायका घरोघरी सूत कातत. विदर्भात जाडेभरडे कापड विणण्याचे काम मुख्यतः महार विणकरांकडे होते, बारीक आणि काठापदराचे काम कोष्टी-साळ्यांकडे. दोसूती तंबूंसाठी खास चांगली, कारण तिच्यात ताण्यात आणि बाण्यात धागे दुहेरी घालतात, कापड घट्ट बसते आणि एक धागा तुटला तरी भोक पडत नाही. खादीत धागा एकेरी, ती हलकी आणि स्वस्त. शिपायाच्या ऐपतीत दोन्ही येत. लाल खारवा, म्हणजे आलाच्या मुळांनी रंगवलेले जाड कापड, हे मानाच्या डेऱ्यांचे. शिपायाचे कापड कोरे, न धुतलेले, पिवळसर पांढरे असे आणि एका मोहिमेतच धुळीने, धुराने आणि घोड्यांच्या सहवासाने मातकट होई.

मागाची रुंदी इथे निर्णायक ठरते. खड्ड्याच्या मागावर एकटा विणकर एका हाताने धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने झेलतो. त्याच्या हातांच्या टप्प्याबाहेर पन्हा जात नाही. जाड कापडाचा पन्हा सामान्यतः दीड हाताच्या आसपास, फार तर एका वारापर्यंत. दोरीने फेकला जाणारा धोटा इंग्लंडात जॉन के याने १७३३ मध्ये काढला, पण दख्खनच्या खेड्यांत तो पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले. म्हणून दोन माणसांच्या पालाला तीन-चार पट्ट्या शेजारी शेजारी जोडाव्या लागत. कापडाचे काठ हे त्याचे सर्वांत बळकट अंग. काठाला काठ लावून शिवले की शिवणच पालाची फासळी होते आणि दोरीचा ताण तिच्यावर येतो. पट्ट्या आडव्या काठीवरून खाली, म्हणजे पाणी उतरण्याच्या दिशेने सोडाव्या लागतात. आडव्या शिवणीत पाणी अडून आत ठिबकते.

घाटाखाली गोष्ट थोडी बदलते आणि तेथे शीवची नोंद घ्यावी लागते. मुंबई बेटाच्या ईशान्य टोकाला, शीवच्या टेकडीवर, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत १६६९ ते १६७७ या काळात ईस्ट इंडिया कंपनीने एक छोटा किल्ला बांधला. १७३७ मध्ये बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा याच्या फौजांनी पोर्तुगीजांकडून साष्टी घेतली, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि शीवच्या खाडीपलीकडचे कुर्ला मराठ्यांच्या राज्यात आले. घाबरलेल्या कंपनीने कॅप्टन इंचबर्डला चिमाजीकडे आणि गॉर्डनला साताऱ्याला पाठवले. तह झाला, पण सीमा राहिली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या मुलखांमध्ये शीवला एक खाडीच होती.

या पट्ट्यात देशावरचे पाल फारसे चालत नाही. कोकणातला पाऊस जाड दोसूतीलाही दोन दिवसांत भेदतो आणि भिजलेले सुती कापड चार दिवस वाळले नाही की कुजते. उत्तर कोकणातली मोहीम पावसाळ्यांच्या पार लांबली तेव्हा तिला आसरा दिला तो माडाच्या झावळ्यांनी, पेंढ्याने आणि घेतलेल्या गावांतल्या कौलारू घरांनी. कापड किनाऱ्यावरही मुबलक होते, पण ते मुख्यतः शिडांचे. मुंबईच्या पेठेत ‘डोंगरी’ नावाने विकले जाणारे जाडे सुती कापड शिडांना आणि तंबूंना दोन्हीकडे वापरले जाई. डॉक्टर जॉन फ्रायरने सतराव्या शतकातच कारवारच्या मालात डोंगरी कापडाची नोंद केली आहे. देशावरच्या शिपायासाठी दोसूती आणि किनाऱ्यावरच्या पथकासाठी डोंगरी, अशी विभागणी प्रतिकृती करणाऱ्याने धरली तर ती वाजवी ठरेल. शिडाचे कापड कोकणी गलबतांवर आधीच तयार मिळत असताना तंबूसाठी कोणी घाटावरून गाठोडी आणणार नाही.

दुसऱ्या एका युद्धाने हे कापड महाग केले आणि त्याच युद्धात शिपायाच्या तंबूला नवे रूप मिळाले. अमेरिकेतल्या यादवीत, १८६२ पासून, उत्तरेच्या सैन्याने फ्रेंच धर्तीचा अर्धा-अर्धा तंबू स्वीकारला. प्रत्येक शिपायाने सुती ड्रिलचा किंवा हलक्या डकचा एक तुकडा पाठीवर वाहायचा आणि मुक्कामी सोबत्याच्या तुकड्याला बटणांनी जोडायचा. एकाच्या वाट्याला किलोच्या आतबाहेरचे ओझे. शिपाई त्याला कुत्र्याचे घर म्हणून हिणवत, पण सोडत नसत. रूपाने तो मराठी पालाचाच भाऊ, पण कापड वेगळे आणि कारण उघड आहे. अमेरिकन शिपाई पायी चालत होता आणि तंबू त्याच्याच खांद्यावर होता. मराठी पाल तट्टावर, बैलावर किंवा उंटावर जाई. जनावर ओझे वाहते तेव्हा कापड जाड असले तरी चालते, म्हणून दोसूती टिकली. कुठल्याही फौजेच्या तंबूचे कापड ओळखायचे तर हवामानाआधी त्याचा वाहक पाहावा.

त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. मुंबईत कोट्यवधी पौंडांचा पैसा आला, बॅक बेच्या शेअरांचा जुगार माजला आणि १ जुलै १८६५ रोजी तो कोसळला. या तेजीत हातमागावरच्या जाड कापडाचा कणा मोडला, कारण ज्याला सूत कातायचे त्यालाच कापूस परवडेना. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला सुरू केलेल्या पहिल्या गिरणीनंतर परळ-लालबागच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि एकसारखे, रुंद, स्वस्त कापड खेड्यापर्यंत गेले. सरकारी तंबूंचा धंदा तोवर वेगळ्याच ठिकाणी बसला होता. जबलपूरला ठगांच्या कुटुंबांसाठी काढलेल्या औद्योगिक शाळेत गालिचे आणि तंबू बनत, पुढे कानपूरच्या एल्गिन आणि म्यूर गिरण्यांनी लष्कराला तंबू पुरवले.  

आता निवडीचा प्रश्न. देशावरच्या, अठराव्या शतकातल्या दोन शिपायांच्या पालासाठी आडवी काठी दोन मीटरच्या थोडी पुढे आणि प्रत्येक उतार १८० सेंटिमीटरचा धरला, तर सुमारे ८ चौरस मीटर कापड लागते. चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅम वजनाच्या दोसूतीत ते दोन-अडीच किलो भरते आणि तट्टावर सहज मावते. ४५० ग्रॅमच्या कॅनव्हासात ते साडेतीन किलोंवर जाते. वजनाहून मोठा दोष पोताचा. गिरणीचे कॅनव्हास सरळ, गुळगुळीत, घट्ट पिळाच्या धाग्याचे असते. चरख्याच्या सुतात पीळ कमी-जास्त होतो, धागा कुठे जाड कुठे बारीक असतो आणि लांबूनही कापडाचा पृष्ठभाग जिवंत दिसतो. हा फरक छायाचित्रात झाकत नाही.

खादीचा शिक्का पाहून मात्र फसू नये. १९५० च्या दशकात आलेल्या अंबर चरख्याचे सूत बरेच एकसारखे असते, त्याचे कापड गिरणीच्या जवळ जाते. एकचातीच्या चरख्याचे जाड सूत मागावे, न मिळाल्यास हातमागाची कोरी दोसूती घ्यावी. विरंजन केलेले पांढरे कापड टाळावे. कापसाच्या बाबतीत पूर्ण अस्सलपणा जवळजवळ अशक्य आहे. बणी, हिंगणघाट या देशी वाणांची जागा अमेरिकी वंशाच्या कापसाने घेतली आणि २००२ नंतर बीटी वाणांनी. देशी कापूस पिकवणारे थोडे शेतकरी अजून आहेत. त्यांच्याकडून कापूस घेऊन कातून, विणून घेणे संग्रहालयाला शोभते, चित्रपटाला परवडत नाही.

पन्हा मोठा मिळाला तर तो कापून अरुंद पट्ट्या करण्यात अर्थ नाही. कापलेल्या कडेला काठाचे बळ नसते आणि जाणकाराला ती लगेच दिसते. अरुंद पन्ह्याचाच माल शोधावा. शिवण हाताचीच हवी, शिवणयंत्र पेशवाई बुडाल्यानंतर बऱ्याच काळाने खेड्यात आले. मेण लावलेल्या सुती दोऱ्याने काठावर काठ चढवून दोन समांतर धावदोरे घालावेत. जेथे काठी टेकते आणि दोरी बांधते तेथे दुहेरी कापड किंवा चामड्याचे ठिगळ लावावे. शीवच्या शेजारी धारावीत असे चामडे आणि ते शिवणारे हात आजही मिळतात. दोऱ्या अंबाडीच्या किंवा तागाच्या, नायलॉनची एक दोरी सगळे काम वाया घालवते. मेखा बाभळीच्या, काठ्या वेळूच्या. धातूची कडी कुठेही नको: दोरी कापडाच्या कोपऱ्यात गोटा घालून, त्याच्या मानेला आवळून बांधावी, म्हणजे भोक पाडावे लागत नाही.

कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते, हातसुताचे तर अधिक. म्हणून कापण्यापूर्वी ते दोनदा पाण्यात बुडवून उन्हात वाळवावे आणि मगच मापे घ्यावीत. शिवलेले पाल पहिल्या सरीत थोडे गळते. नंतर धागे फुगून बसतात आणि गळणे कमी होते. भिजलेल्या पालाला आतून हात लावला तर त्या जागी पाणी झिरपू लागते.